इटियाडोहला निघताना

पावसाळा मध्यावर आला की विदर्भातल्या मोबाइलांवर एक व्हिडिओ फिरू लागतो. जेमतेम काही सेकंदांचा, सतत हलणारा, मध्येच कुणाच्या तरी छत्रीची काडी आलेली. खाली ओळ असते, 'इटियाडोह ओव्हरफ्लो!' नागपूर, भंडारा, गोंदिया, वडसा इथल्या घरांत तो बघितला जातो आणि पुढचं वाक्य बहुतेक ठिकाणी एकच असतं, 'रविवारी निघायचं का?'

इटियाडोह हे गाढवी नदीवरचं धरण. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ. १९७० सालचं. मातीचा बांध, लांबी ५०५ मीटर, उंची तीस मीटरच्या आसपास. भरलं की सांडव्यावरून पाणी आपसूक कोसळू लागतं, पण ते यंदा भरेल की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. लग्नाला मुहूर्त असतो, परीक्षेला वेळापत्रक असतं, सांडव्याला दोन्ही नाही. त्यामुळे इटियाडोहला जाणारा माणूस कायम घाईत असतो.

नागपुरातल्या एका घरचे काका त्याला अपवाद. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून प्रवास हा उत्तम गुरू आहे अशी त्यांची ठाम समजूत, आणि गुरूने काय शिकवलं ते निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्रमांक घालून कळवण्याची सवय. इटियाडोहने शिकवलेले धडे त्यांनी आदल्या रात्रीच टाइप करून ठेवले होते.

"अहो, अजून गेलो कुठे आपण?" काकूंनी विचारलं.

"तिथं रेंज नसली तर? ऐनवेळी धावपळ नको."

पहिला धडा होता : 'सामान कमी, अनुभव जास्त.' तो टाइप होत असताना काकू एका दिवसाच्या सहलीचं सामान लावत होत्या. तिखटामिठाच्या पुऱ्या, चिवडा, लोणच्याची बाटली, दोन चटया, चार छत्र्या, पाण्याची मोठी कॅन, एक जुनी चादर, रद्दी, ओले कपडे ठेवायला प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्या पिशव्या ठेवायला एक कापडी पिशवी. गाडी चालवणार होती पुतणी. तिने डिकी उघडून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "काकू, आपण परत येऊन रायलो ना?"

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणून आठला सगळे गाडीत बसले. गॅस बंद आहे का हे बघायला काका एकदा वर गेले. कुलूप नीट लागलं का हे बघायला काकू गेल्या. मग आपण कुलूप उघडून परत लावलं का, हे बघायला पुन्हा काका. वाटेत भंडाऱ्याहून सोबत येणाऱ्या मावसभावाचा फोन आला, तेव्हा काकांनी निर्धास्त सांगितलं, "निघालो ना, पारडी ओलांडली." गाडी तेव्हा कंपाउंडच्या फाटकात होती आणि काकू चष्मा आणायला वर गेल्या होत्या.

पुतणीने इथे बर्था बेंझची गोष्ट काढली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल बेंझ साहेबांची मोटारगाडी शेडमध्ये उभी होती. साहेब त्यात सुधारणा करण्यात गुंतलेले, गिऱ्हाईक काही येईना. एके सकाळी त्यांच्या पत्नीने दोन मुलांना उठवलं, नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि थेट माहेर गाठलं, फोर्झहाइम. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. पेट्रोल पंप जगात नव्हते, इंधन विकत घेतलं ते वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. पोचल्यावर नवऱ्याला तार केली. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास तो हा.

"शंभरेक किलोमीटर म्हणजे आपली साकोली," पुतणी म्हणाली. "आणि त्या बाईने लोणचं नव्हतं घेतलं."

"माहेरी चालली होती ती. तिथं असते लोणचं," काकू म्हणाल्या.

वैनगंगेचा पूल ओलांडून लाखनीच्या पुढे गाडी गेली आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी डिकीच्या तळाशी, म्हणजे पुऱ्या, चटया, कॅन, रद्दी आणि पिशव्यांच्या पिशवीखाली होती. सगळं सामान राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला ओळीने मांडावं लागलं. काका जॅक शोधत होते, काकू डब्यांवर चादर टाकत होत्या. तेवढ्यात एक सायकलस्वार थांबला. त्याने चटई बोटांनी चाचपून पाहिली आणि विचारलं, "केवढ्याची जी?"

काकूंनी अभावितपणे किंमत सांगितली. त्याने निम्मी मागितली. सौदा फिसकटला, पण तो जाईपर्यंत मावसभावाने चाक बदललं होतं.

गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर काका गोडसे भटजींवर आले. काकांचा हा हुकमी विषय. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचं कर्ज फेडण्यासाठी उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, असा बेत. सोबत त्यांचे काका. वाटेत महूला पोचतात तर बंड उसळलेलं. यज्ञाला निघालेला माणूस झाशीच्या वेढ्यात सापडला, कित्येकदा लुबाडला गेला आणि शेवटी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी परतला.

"आणि धडे?" पुतणीने विचारलं.

भटजींनी हकिगत लिहिली ती वीसेक वर्षं उलटल्यावर. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ मध्ये, लेखक हयात नसताना. चिंतामणराव वैद्यांनी ते प्रसिद्ध केलं. थोडक्यात, मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या प्रवासातले धडे ग्रुपवर पोचायला पन्नास वर्षं लागली. काकांनी मोबाइल खिशात ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा काढला, कारण मॅप 'अर्जुनी आली' म्हणत होता.

अर्जुनी आली होती, पण ती सडक अर्जुनी. गोंदिया जिल्ह्यात या नावाचे दोन तालुके आहेत, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. फोनमध्ये नुसतं 'अर्जुनी' टाकणाऱ्याला यंत्र आपल्या मर्जीने त्यातलं एक देतं. कोहमाऱ्याच्या चौकात चहावाल्याने न विचारताच उजवा हात दाखवला. "इटियाडोह ना जी? इकडून नवेगाव, मग ते दुसरी अर्जुनी, मग गोठणगाव. सीधे जा." पावसाळ्यातला रविवार आणि नागपूरची गाडी, त्याला आणखी काय विचारायचं होतं?

पुढचा रस्ता जंगलातला. जंगल सरलं की धानाच्या बांध्या, रोवणी नुकती आटोपलेली, पाण्यात उभा कोवळा धान. काकांचा दुसरा धडा होता 'नियोजन हाच यशाचा पाया', आणि नवेगावबांधला तो काकांच्या बाजूने बोलला. इथला तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला. टेकड्यांमधल्या फटी तेवढ्या मातीच्या पाळींनी बुजवायच्या, बाकीचं काम डोंगर करतात, हा त्यांचा हिशेब. तीनशे वर्षं झाली, पाणी अजून जागेवर आहे. पूर्व विदर्भातले असे शेकडो तलाव कोहळी समाजाच्या हातचे. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत या नवेगावात राहिले आणि इथल्या पाखरांवर, माणसांवर लिहीत गेले. काकांनी तलावासमोर उभं राहून फोटो काढला. पाठीमागे तलाव आला नाही, मावसभाऊ आला.

इटियाडोहला पोचले तेव्हा दुपार टळत होती. सांडवा खरोखर वाहत होता. पांढरंशुभ्र पाणी, अंगावर येणारे तुषार, भाजलेल्या भुट्ट्यांचा धूर, आणि पाण्याकडे पाठ करून मोबाइलकडे बघणारी शेकडो माणसं. काठावर लाखांदूरकडचा एक शेतकरी पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. सहलीला आला होता, पण हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता. धरण गोंदिया जिल्ह्यात असलं तरी कालव्याचं पाणी भंडाऱ्याच्या लाखांदुरात आणि गडचिरोलीच्या वडसा, आरमोरीकडच्या धानालाही जातं. इथे धरण भरलं म्हणजे तिकडे पीक हाती येण्याचा भरवसा. ऐन पोटरीतल्या धानाला शेवटचं पाणी कमी पडलं तर हंगाम गेला.

"तुमी पाहून चालले जी," तो काकांना म्हणाला, "आमाले पुरवून वापरा लागते."

काका काही बोलले नाहीत. तिसरा धडा 'क्षणाचा आनंद घ्या' असा होता.

परतीच्या आधी नॉरग्येलिंगला मोमो खायचे, हा पुतणीचा हट्ट. गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची ही वसाहत आहे. प्रार्थनेच्या पताका, बौद्ध मठ, आणि बाजूला अस्सल झाडीपट्टीतला धान. १९५९ मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडलं आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. त्यांतल्या काहींना शेवटी जमीन मिळाली ती इथे, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. घराचं कुलूप नीट लागलं का, हे बघायला त्यांच्यातलं कुणी परत जाऊ शकलं नव्हतं.

मोमो वाढणाऱ्या आजी सत्तरीच्या. त्यांनी काकूंकडे दोनदा निरखून पाहिलं आणि हिंदी-मराठीच्या मिश्रणात विचारलं, "नागपूर? सीताबर्डी?"

वसाहतीतली पुष्कळ माणसं हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. काकूंना आता ओळख पटली. काकांचा करडा स्वेटर, पुतणीची शाळेपासूनची प्रत्येक कानटोपी, सगळी याच आजींकडची, आणि दरवर्षी दोघींचं किमान अर्धा तास भांडण. आजींनी मोमोंची आणखी एक प्लेट आणली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

काकूंनी त्या प्लेटकडे पाहिलं, मग आजींकडे.

"हे पाहा, मोमोचं मोमोपाशी," त्या म्हणाल्या. "स्वेटरचा भाव मी यंदाही निम्माच मागणार आहे."

"मागा ना," आजी म्हणाल्या. "मी दुप्पट सांगते."