आधी हंडी, मग पडदा

वऱ्हाडी माणसाला उपाशीपोटी सिनेमा दाखवू नये. नायिका मेली तरी त्याला रडू येत नाही. परतवाड्याहून बैतुलच्या रस्त्याला बहिरम लागतं. तिथली यात्रा २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारी सरेपर्यंत रेंगाळते. एकेकाळी तिथे तंबूतला सिनेमा होता, तमाशा होता, पण क्रम पक्का. आधी राहुटीत मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांच्या आरातले रोडगे, मग करमणूक. देवापुढचा बळी गाडगेबाबांनी लोकांना सोडायला लावला. हंडी मात्र बाबांनाही बधली नाही.

या संस्कारातल्या आमच्या मामांना मी पुण्यात, खुर्चीवर जेवण आणून देणाऱ्या थेटरात नेलं. मामांचं उभं आयुष्य परतवाड्याच्या आरामशीनवर, सागवानाच्या भुशात गेलेलं. त्यामुळे त्यांची कुजबुजही चार रांगांना ऐकू जाते.

दारातच पिशवीतल्या कचोऱ्या जप्त झाल्या. मी समजावलं, मामा, २०२३ साली सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, बाहेरचं खाणं अडवायचा थेटरवाल्याला हक्क आहे. कुणी जिलेबी खाऊन खुर्चीला हात पुसले तर काय करायचं, असा सवालही तिथे निघाला होता. पिण्याचं पाणी मात्र त्यांनी फुकट द्यायचं.

"मंग पानीच मांग," मामा म्हणाले.

बटण दाबताच खुर्ची मागे कलली, पाय वर गेले. "काहून बे, दवाखान्यात आनलं का मले?"

अंधारात एक पोरगा कंबरेत वाकून, चोरपावलांनी आला. मामांनी विचारलं, "तर्री हाय का?" तो बिचारा "सर, पेरी पेरी आहे," म्हणाला. शेवटी पिझ्झा आला. पडद्यावर खलनायक पिस्तूल रोखून उभा आणि इकडे मामा चीजची तार तोडायला हात लांब लांब नेतायत. ती तुटली तेव्हा निम्मी शेजारच्या बाईंच्या पर्सवर होती. मग त्यांनी चाचपडत कागदी रुमालाची घडी उचलली, नीट चावली आणि निकाल दिला, "मीठ कमी हाय."

मराठी नाटकवाले या बाबतीत शहाणे. दादरचं शिवाजी मंदिर घ्या की पुण्याचं बालगंधर्व, बटाटावडा मध्यंतरात, लख्ख उजेडात, उभ्यानं. जीभ भाजते, चहा अंगावर सांडतो, तिसरी घंटा होते. पण आपण काय खातोय ते दिसतं. पिठलं असो की पिझ्झा, जेवणारा आधी ताटाकडे बघतो, मग घास घेतो. अंधारात जेवायला आपण काय वीज मंडळाचे जुने ग्राहक आहोत? (आहोत म्हणा. पण तेव्हा निदान मेणबत्ती असायची.)

उत्तरार्धात नायक घरी परतला. आईनं ताट वाढलं, नायकानं भाकरी मोडली, थेटरात हुंदके सुरू झाले.

"पाह्य बे," मामा कुजबुजले, आणि चार रांगा वळल्या, "थो उजेडात जेवून राह्यला."