ट्रॅक कारला ऑइल कूलर कुठे लावावा : नवशिक्यांसाठी, वर्धा आवृत्ती

ट्रॅक कार बांधायची तर आधी ट्रॅक लागतो, आणि वर्धा जिल्ह्यात तो नाही. शंकरपटाची धाव आहे. पण तिथल्या बैलजोडीला ऑइल लागत नाही, ढेप लागते. येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढता येतं आणि सरळ रस्ता पाहून पाय शिवशिवतो, मात्र तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या रस्त्याला ट्रॅक समजणाऱ्यांनी ही मार्गदर्शिका इथेच मिटावी. खरे ट्रॅक म्हणजे २०११ पासूनचा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा. सेवाग्राम स्टेशन दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावर साधारण मध्यावरच असल्यामुळे दोन्ही आपल्याला जवळपास सारखेच लांब पडतात, हेच काय ते भौगोलिक सुख.

एवढं वाचूनही कूलर लावायचाच असेल, तर आधी ऑइलच्या तापमानाचा मीटर लावा. डॅशबोर्डवरचा काटा रेडिएटरच्या पाण्याचं तापमान सांगतो. ऑइलचं दुःख त्याला ठाऊक नसतं. ट्रॅकवर चार-सहा फेऱ्या जीव तोडून मारूनही ऑइल ११०-१२० अंशांत राहत असेल, तर कूलरचे पैसे टायरांत घाला. १३० च्या पुढे जाऊ लागलं तर पुढे वाचा. हा सल्ला कुणीही पाळत नाही. मीटर बाहेरून दिसत नाही आणि कूलर बंपरमधून दिसतो, हे त्याचं खरं कारण. (जिल्ह्याच्या इतिहासात कूलरची अजिबात गरज नसलेली मोटार म्हणजे गांधीजींच्या काळातली बैल जुंपलेली फोर्ड. तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत.)

परदेशी पुस्तिकेतली कूलरच्या आकाराची शिफारस जशीच्या तशी उचलू नका. कूलर किती उष्णता बाहेर टाकेल हे ऑइल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. ऑइल ११० अंश आणि हवा २० अंश असेल तर फरक ९०. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. मग फरक उरला ६५. कूलर तोच, वेग तोच, पण काम पाऊण हिश्शाहूनही कमी. म्हणून इथे जागेची निवड जास्त काटेकोर हवी. फुकट जाईल एवढा वारा आपल्याकडे नाही.

आता जागा. गॅरेजात गेलात की पहिला सल्ला मिळेल : “भाऊ, एवढी जागा हाये ना खाली, मंग काऊन इचार करता?” जिथे पाना जातो ती जागा उत्तम, हे गॅरेजचं शास्त्र. घरच्यांचं शास्त्र वेगळं; तिथे आग्नेय दिशा निघते. पण ट्रॅकवर गाडी प्रत्येक फेरीत आठही दिशांना तोंड करते, त्यामुळे वास्तुशास्त्र आपोआप बाद होतं.

इंजिनच्या खाली लटकवला तर पहिल्याच कर्बवर कूलर ट्रॅकला अर्पण. रेडिएटरच्या मागे लावला तर त्याला तापून आलेली हवा मिळते, म्हणजे तो मुख्यतः शोभेसाठी राहतो. रेडिएटरच्या पुढे लावणं सर्वांत सोपं आणि बरेच जण तेच करतात. ऑइल खूश होतं, पण त्याची उष्णता रेडिएटरच्या माथी जाते आणि १०-१२ फेऱ्यांनंतर पाण्याचा काटा तक्रार करू लागतो. छोट्या हॅचबॅकला माझी पसंती एकाच जागेला : बंपरचा कोपरा, फॉग लॅम्पच्या भोकामागे, चाकाच्या पुढे. तिथला फॉग लॅम्प काढावा लागेल. ट्रॅकवर धुकं क्वचितच पडतं.

पण भोक पुढे पाडलं म्हणजे वारा आपोआप वाहील, असं नाही. वारा कूलरमधून जातो तो पुढचा दाब मागच्यापेक्षा जास्त असेल तरच. कूलरची मागची बाजू प्लास्टिकच्या लायनरने बंद असेल, तर हवा भोकापर्यंत येते, आत गर्दी पाहते आणि बंपरला वळसा घालून निघून जाते. हे विदर्भातल्या माणसाला शिकवायची गरज पडू नये. खिडकीला वाळ्याचा कूलर लावून समोरचं दार बंद केलं, की गारवा येत नाही, नुसती चिपचिप होते; आजी ओरडते ती उगाच नाही. तोच माणूस गाडीला कूलर लावताना मात्र फक्त आत येणाऱ्या वाऱ्याचा हिशेब करतो. तेव्हा चाकाच्या खोबणीतलं लायनर कापा, तिथे झडपा बसवा, आणि बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी ठेवा. हवा आत घेणाऱ्या भोकाचा आकार कूलरच्या तोंडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असला तरी चालतो, फक्त तिथून कूलरपर्यंत पत्र्याचा हळूहळू रुंदावणारा डक्ट हवा. कडांना फोमची पट्टी लावा. हवा आळशी असते. बोटभर फट दिसली तरी ती कूलर सोडून तिकडून जाते.

पुढे जाळी लावायला विसरू नका. पुस्तकात ती दगडांसाठी असते. आपल्याकडे दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की हिंगणघाटच्या रस्त्याला पांढरी किनार येते, आणि ते तंतू कूलरच्या बारीक पात्यांत जाऊन बसतात. एका हंगामात कूलरची गादी होते. जाळी काढता येईल अशी बसवा आणि पाती मऊ ब्रशने साफ करा. प्रेशर वॉशर जवळून मारला की ती आडवी पडतात.

कूलर उभा लावलात तर जोडण्या वरच्या बाजूला ठेवा. खाली ठेवल्या की हवा आत अडकते. रबरी बुशांवर बसवा, नाहीतर कंपनांनी ब्रॅकेट तडकतं. होज पाइप एक्झॉस्टपासून आणि धारदार पत्र्यापासून लांब न्या. विणलेल्या स्टीलचा पाइप इतर सगळ्या गोष्टी कापतो, स्वतः कापला जायच्या आधी. जोडणी सुटली तर ऑइल कुठे सांडेल, हे गाडीखाली झोपून एकदा पाहा. चाकावर सांडणार असेल तर वळण तुम्हाला नक्की कळवेल, आणि एक्झॉस्टवर सांडणार असेल तर धूर कळवेल.

इंजिनातलं ऑइल कूलरकडे वळवायला प्लेट लागते; ती थर्मोस्टॅट असलेलीच घ्या, ८० अंशांच्या आसपास उघडणारी. डिसेंबरच्या सकाळी हीच गाडी ऑइल तापू न देता हिंडू लागली, तर त्यातला ओलावा उडत नाही आणि ऑइल बिघडतं.

बसवून झाल्यावर इंजिन चालू करा, ऑइल तापून थर्मोस्टॅट उघडू द्या, मग बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पुन्हा पाहा. पाइप आणि कूलर भरल्यावर पातळी खाली उतरलेली असते. तेवढं ऑइल वरून घाला. पुढे ऑइल बदलताना कूलरमधलं जुनं ऑइलही काढा. ते काळं ऑइल कृपा करून नालीत ओतू नका. गॅरेजात ते जमा करायचा ड्रम असतो, त्यात टाका.