तक्रार आढळली नाही

गाडी बंद पडली तर त्यात फारसं अवघड काही नसतं. चार माणसं जमतात, दोघं धक्का देतात, एक जण स्टिअरिंगवर बसून सूचना करतो, आणि अगदीच नाइलाज झाला तर टोचन करून गॅरेज गाठता येतं. छळ असतो तो बंद न पडणाऱ्या गाडीचा. आमची गाडी बंद पडत नव्हती. ती मनात येईल तेव्हा काही सेकंद मलूल व्हायची. हेडलाइट पिवळे पडायचे, वायपर काचेच्या मध्यावर येऊन विचारात पडायचा, रेडिओवरची निवेदिका वाक्य अर्धवट टाकून गप्प व्हायची, आणि हॉर्न दाबला तर आजारी बोकडासारखा आवाज निघायचा. मग सगळं पूर्ववत. निवेदिका पुढच्या जाहिरातीवर पोचलेली असायची आणि मागचा ट्रकवाला माझ्या कुळाचा उद्धार करत असायचा.

मुलानं मोबाईलवर व्हिडिओ काढायचं ठरवलं. मोबाईल समोर धरला की गाडी इतकी शहाण्यासारखी चालायची, की तेवढ्या चित्रफितीवर ती विकता आली असती.

बिघाड ‘अधूनमधून’ असला, की गाडीआधी मालकाची तपासणी सुरू होते. आमच्या सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका गाड्यांतले जाणकार आहेत. त्यांच्याकडे कुठल्याही आजारावर एकच निदान असतं.

“बॅटरी,” ते म्हणाले.

“पण काका, सेल्फ एका दमात लागतो.”

“तेच तर. बॅटरी जायच्या आधी तसाच लागतो.”

बॅटरीवाल्यानं जुन्या बॅटरीला मीटर लावला. १२.६ व्होल्ट. इंजिन चालू करून पुन्हा लावला, १४.२. म्हणजे बॅटरी भरलेली आणि डायनामो तिला नीट पोसतोय. (अल्टरनेटर येऊन कैक वर्षं झाली, पण आपल्याकडे तो अजून डायनामोच आहे.) हे सगळं मला नीट समजावून सांगून त्यानं त्याच दमात नवी बॅटरी विकली. पुढच्याच पावसात वायपर पुन्हा विचारात पडला, तेव्हा काका म्हणाले, “हल्लीच्या बॅटऱ्यांत पहिल्यासारखा राम नाही.”

वॉचमनचं मत उंदीर असं पडलं. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात, आणि त्यांचे दात वाढतच असल्यामुळे काहीतरी कुरतडत बसतात. वायर त्यांना सोयीची पडते. त्यावर उपाय म्हणून वॉचमनच्या सल्ल्यानं इंजिनाजवळ तंबाखूची पानं बांधली. उंदीर होते की नव्हते कोण जाणे, पण एसी लावला की गाडीत पानपट्टीचा दरवळ सुटायचा आणि मागच्या सीटवरून आई दर वेळी विचारायची, “तू खायला लागलास का रे?”

मग सर्व्हिस सेंटर. तिथे पांढऱ्या शर्टातल्या तरुणानं टॅबवर माझी तक्रार उतरवून घेतली आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसला. आताच्या गाडीत डझनभर छोटे संगणक असतात आणि ते दोन वायरींच्या जोडीवरून आपापसांत बोलतात. ही बोलण्याची पद्धत बॉश कंपनीनं १९८६ साली जगापुढे मांडली. त्याआधी प्रत्येक दिव्याला त्याची त्याची वायर असे, आणि बिघाड झाला तर तो त्या वायरीपुरता राहायचा. आता व्होल्टेज क्षणभर ढासळलं, की एक संगणक झोपतो आणि बाकीचे त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवून ठेवतात. आमच्या गाडीतही अशा काही नोंदी निघाल्या. अमुक तमुकशी बोलत नाही, तमुक अमुकशी बोलत नाही. पण सगळ्या जुन्या. या घडीला सगळे बोलत होते.

“सर, हे हिस्टरी कोड आहेत. करंट फॉल्ट काहीच नाही.”

“अहो, पण हिस्टरीत झालं तेच तर मी सांगतोय.”

त्यानं नोंदी पुसून टाकल्या. म्हणजे गुन्ह्याच्या जागी होते तेवढे ठसेही गेले. मग रोड टेस्ट झाली. भर दुपारी, कोरड्या सपाट रस्त्यावर, लाइट, वायपर, पंखा सगळं बंद ठेवून. मेकॅनिकनं मल्टिमीटर लावून बॉनेटखालच्या वायरीही तपासल्या. जिथे लावला तिथे मीटर आनंदानं बीप करत होता. जॉब कार्डवर टाइप झालं : ‘तक्रार आढळली नाही’. मात्र क्लच जड लागतोय असं हिनं सहज सांगितलं होतं, ते त्यांनी मनावर घेतलं आणि क्लचची केबल बदलली. आतलं प्लॅस्टिक वितळलं होतं म्हणे. ते का वितळलं हा प्रश्न जॉब कार्डात बसत नसावा.

यानंतर आमच्या घराची मनःस्थिती विचित्र झाली. आपली गाडी एकदाची नीट, सणसणीत, चार लोकांसमोर बिघडावी अशी आमची इच्छा होऊ लागली. कात्रजच्या चढाला दिवे मिणमिणले, की मुलगा मागून “चालू दे, चालू दे” म्हणून प्रोत्साहन द्यायचा. हिनं मात्र शांतपणे एक वही केली होती. बिघाड झाला की कुठे, कोणत्या गिअरमध्ये, पाऊस होता का, काय काय चालू होतं, ते ती लिहून ठेवायची. त्या वहीची मी थट्टाही केली होती. ती वहीतच नोंदवलेली सापडली.

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत, एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी नव्या बॅटरीपासून कोडपर्यंत सगळा पाढा वाचला. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. वही मागितली. चष्मा लावून ती परीक्षेचा पेपर तपासावा तशी सावकाश वाचली, आणि हिला विचारलं :

“बाई, सपाट रस्त्यावर एकदाही नाही?”

“नाही.”

“चढ, पयला नाहीतर दुसरा गिअर, आणि पंखा, लाइट, वायपर सगळं चालू?”

“हो. बहुतेक वेळा मागच्या काचेचा हीटरपण.”

“आणि सेल्फनं कधी दगा दिला नाही?”

“कधीच नाही.”

“मग साहेब, जाणारी वायर चांगली आहे. परतीची बघू.”

गाडीतल्या दिव्याकडे बॅटरीतून वायर जाते, पण दिव्याकडून बॅटरीकडे वेगळी वायर सहसा येत नाही. वीज गाडीच्या पत्र्यातून परत येते, त्यालाच अर्थिंग म्हणायचं. आमच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी गिअरबॉक्सला जाते, आणि गिअरबॉक्सपासून पत्र्यापर्यंत तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी आहे. सेल्फ इंजिनावरच बसलेला, त्याला या पट्टीची गरज नाही. दिवे, वायपर, पंखा, हॉर्न यांची परतीची सगळी वाहतूक मात्र तिच्यावरून. जाणाऱ्या विजेचा केवढा थाट असतो! तिला फ्यूज आहे, रिले आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला नकाशा आहे. परतीच्या विजेला फ्यूज नाही आणि नकाशात नावही नाही.

“पण चाचा, तिथे मीटर बीप करत होता.”

“बीप काय, एक तार शाबूत असली तरी करतो. बीपला कुठे वजन उचलायचंय?”

हे वाक्य मी घरी येऊन गणित मांडून पाहिलं. पट्टीत एक दशांश ओहम जरी अडथळा आला, तरी साध्या मीटरला तो जवळजवळ शून्यच वाटतो. पण दिवे, पंखा आणि काचेचा हीटर मिळून तीस अँपिअर ओढू लागले, की त्याच अडथळ्यात तीन व्होल्ट खर्ची पडतात. सर्व्हिस सेंटरनं सगळं बंद ठेवून तपासलं होतं, म्हणजे हमालाची ताकद त्याच्या डोक्यावर काहीच न ठेवता मोजली होती.

चाचांनी उलटं केलं. म्हणाले, “बिघाड शोधायचा नसतो, पाडायचा असतो.” लाइट, वायपर, पंखा, हीटर, सगळं चालू करायला लावलं. मीटरची एक सुई गिअरबॉक्सला, दुसरी पत्र्याला. मग मला हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला सांगितला. चढावर जोर लावताना इंजिन आपल्या जागी जसं कलतं, तसं ते कललं. पट्टी ताणली गेली. इथे ०.२ व्होल्टच्या वर आकडा जाता कामा नये; तो दोनच्या वर गेला. हेडलाइट पिवळे पडले, वायपर काचेच्या मध्यावर थांबला, आणि मुलानं टाळ्या वाजवल्या. नाना पेठेतल्या भर रस्त्यात आमची गाडी बिघडली होती आणि आम्ही एकमेकांचं अभिनंदन करत होतो.

चाचांनी हात घालून नव्या क्लच केबलला बोट लावलं आणि मला लावायला सांगितलं. ती कोमट होती. पट्टीचा रस्ता बंद झाला, की वीज मिळेल त्या धातूतून परतते, आणि क्लचच्या पोलादी केबलनं एक टोक इंजिनाला आणि दुसरं पत्र्याला जोडलेलं असतंच. जुनीचं प्लॅस्टिक असंच वितळलं होतं.

पट्टी काढली तेव्हा बोल्टाजवळ हिरवट बुरशी आलेली आणि मोजक्याच तारा धड उरलेल्या. चाचांनी पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, समोरच्या दुकानातून आणलेली नवी पट्टी बसवली, बोल्ट आवळून वर ग्रीस फासलं. पट्टीची किंमत ऐकून मला थोडा अपमानच वाटला. एवढ्या मोठ्या मनस्तापाला निदान आकड्यानं तरी शोभायला हवं होतं. मजुरी त्यांनी त्याहून बरीच जास्त घेतली, वर म्हणाले, “वहीमुळं कमी लावली.” हिनं माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी जिन्यात काकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ती पट्टी बॅटरीच्या केबललाच जोडलेली ना?”

“तसं म्हटलं तर, हो.”

“मग मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो?”

पुढल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरमधून एका मुलीचा फोन आला. आवाज फार गोड होता. सर्व्हिसबद्दल समाधानी आहात का, दहापैकी किती गुण द्याल? मी म्हटलं, “कधी दहा, कधी शून्य.”

“सर, प्लीज एकच आकडा सांगा,” ती म्हणाली, “सिस्टीम अधूनमधून घेत नाही.”