मोजलं कुठे उभं राहून?

पवना धरण शंभर टक्के भरलं की पिंपरी-चिंचवडमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. पुढारी खणा-नारळाने जलपूजन करायला धरणावर जातात आणि नागरिक आज आपली पाण्याची पाळी आहे की नाही, ते आठवत बसतात. दिवसाआड पाणी 2019 च्या नोव्हेंबरात सुरू झालं, तेव्हा ते 'तात्पुरतं' होतं. त्यानंतर धरण पुन्हा पुन्हा भरलं. तात्पुरतेपणा मात्र काही ओसरला नाही.

आता कुणी म्हणेल, आकडे खोटे असतील. छे! आकडे अगदी खरे आहेत, तीच तर पंचाईत आहे.

करून बघा हिशेब. महापालिका रोज 500 दशलक्ष लिटरांहून जास्त पाणी सोडते. आपण 500 च धरू. भागायचं कशाने? लोकसंख्येने. ती किती? 2011 च्या जनगणनेत 17 लाख 27 हजार. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचा सगळा कारभार अंदाजपंचे. 17 लाख 27 हजारांनी भागलं तर माणशी 289 लिटर येतात. 25 लाखांनी भागा, 200 येतात. अगदी 30 लाखांनी भागलं तरी 166 उरतात. सरकारी निकष माणशी 135 लिटरांचा. म्हणजे कुठल्याही भाजकाने भागा, कागदावर आपण पाण्यात डुंबतो आहोत. फक्त हे पाणी मोजलं जातं निगडीच्या सेक्टर 23 मधल्या जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना. तिथून तुमच्या नळापर्यंत येताना वाटेत गळती आहे, चोरी आहे, चढ आहे, बड्या सोसायट्यांच्या मोटरी आहेत. तुमच्या नळाला मीटर असेल, पण तो बिलासाठी. प्रगतीच्या तक्त्यात त्याला जागा नाही.

ही पंचाईत आपल्यापुरतीच नाही. युद्ध संपल्यावर देश पुन्हा उभा राहिला की नाही, हे आकड्यांनी सिद्ध करता येतं का, यावर मोठमोठ्या माणसांनी डोकी फोडून घेतली आहेत. अमेरिकेने तर युद्ध संपायचीही वाट पाहिली नाही. 1967 मध्ये व्हिएतनाममधल्या हजारो वाड्या-वस्त्यांना शाळेसारख्या श्रेणी देणं सुरू झालं: अ, ब, क, ड, इ. महिन्याच्या महिन्याला तक्ते संगणकात जात. वर्ष संपता संपता दोन-तृतीयांश जनता 'सुरक्षित' निघाली. जानेवारी 1968 संपताना, टेटच्या म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, देशभरातल्या शंभरावर शहरा-गावांवर एकदम हल्ले झाले. तक्त्यातल्या वस्त्या कोणत्या श्रेणीत आहेत, हे हल्लेखोरांना बहुधा कुणी कळवलं नव्हतं.

इराकची गंमत आणखी बारीक आहे. 2003 नंतर तिथे वीज मेगावॉटमध्ये मोजत. युद्धापूर्वीची पातळी गाठली की कामगिरी फत्ते. पण सद्दामच्या काळात बगदादला झुकतं माप होतं आणि बसरा अंधारात असे. नंतर वाटणी जरा सारखी झाली. त्यामुळे मेगावॉट तेवढेच असूनही बसऱ्याचा माणूस म्हणे सुधारणा झाली, बगदादचा म्हणे वाटोळं झालं. दोघंही खरं बोलत होते. मेगावॉट मोजणारा विजेच्या केंद्रावर उभा होता आणि पंखा बंद पडत होता तिसऱ्या मजल्यावर.

लांबचं कशाला, आपली पिंपरी ही तरी कोण? युद्धोत्तर उभारणीचंच लेकरू. फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं इथल्या कॅम्पात आली. महायुद्धात नावारूपाला आलेलं पेनिसिलिन इथेच करायचं म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. अख्ख्या देशाला बरं करायला निघालेला तो कारखाना पुढे स्वतःच आजारी उद्योगांच्या यादीत गेला. उद्घाटनांचे आकडे सगळे ठेवतात. आजारपणाची वही कुणी ठेवत नाही.

सामंजस्य करार हा तर आपला राष्ट्रीय नाही, पण राज्य पातळीवरचा खेळ नक्कीच. 15 जून 2020 ला, टाळेबंदीच्या काळात, महाराष्ट्राने 16 हजार कोटींचे करार ऑनलाइन केले. त्यातले तीन चिनी कंपन्यांचे, तिन्ही तळेगावसाठी, मिळून 5 हजार 20 कोटींचे. त्याच रात्री गलवानमध्ये चकमक झाली आणि आठवडाभरात हे तिन्ही करार 'जैसे थे' होऊन फडताळात गेले. त्यातला सगळ्यात मोठा, ग्रेट वॉल मोटर्सचा, जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यात यायचा होता. तो आला नाही. डिसेंबर 2020 मध्ये त्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं आणि हजारावर कामगार रस्त्यावर आले. 2023 मध्ये तीच वास्तू ह्युंदाईने घेण्याचं ठरलं. आता मोजा: एक जागा, एक शेड, गुंतवणुकीच्या घोषणा तीन. बेरजेचा रकाना भरगच्च आहे. वजाबाकीचा रकाना छापायचाच राहून गेला.

वेदांत-फॉक्सकॉनचं तर विचारूच नका. 1 लाख 54 हजार कोटींचा चिप बनवण्याचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्रात केवढा गहजब झाला. मोर्चे, घोषणा, 'खोके' वगैरे सगळं यथासांग पार पडलं. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतलं. एका राज्याने प्रकल्प गमावल्याचा शोक केला, दुसऱ्याने मिळवल्याचा आनंद. चिप मात्र दोघांनाही दिसली नाही. जानेवारी 2025 मध्ये दावोसहून 15 लाख 70 हजार कोटींच्या करारांची बातमी आली तेव्हा चाकणच्या पोरांनी ती कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचली. वाचायला वेळ भरपूर होता, बस चाकणच्याच तळेगाव चौकात उभी होती.

हा चौक एकदा पहिल्या पाळीच्या वेळी बघावाच. कंपनीच्या गेटाच्या आत सेकंदांचा हिशेब असतो. लाइन किती सेकंद थांबली, का थांबली, कुणामुळे थांबली, सगळं बोर्डावर लिहिलेलं. गेटाच्या बाहेर तासांचाही हिशेब नाही. कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसा, उलट्या बाजूने घुसणाऱ्या रिक्षा आणि मधोमध हात हलवणारा एकटा वॉर्डन. पोरगा पंच करायला दहा मिनिटं उशिरा पोचला तर त्याची नोंद होते. त्याला रस्त्यात कुणी अडकवलं, त्याची होत नाही.

त्याच पोराला विचारा, "परमनंट का?" तो हसेल. आधी ट्रेनी, मग कंत्राटी, मग ब्रेक, मग शेजारच्या कंपनीत पुन्हा ट्रेनी. दोन कंपन्यांच्या अहवालात मिळून तीन रोजगार निर्माण झाले. डबा एकाच घरातून येतो.

आणि त्या गेटाशी एक फलक असतो: 'अपघाताविना दिवस'. खाली तीन आकडी संख्या, रोज एकाने वाढणारी. प्रेसमध्ये एखाद्याचं बोट चेपलं तर तो फलक शून्यावर यायला हवा. शून्यावर आला तर साहेबाला वर उत्तर द्यावं लागतं. मग साहेबाच्याच गाडीतून गुपचूप खासगी दवाखाना, दोन टाके, चार दिवस घरी बस, पगार कापत नाही. फलक पुढे चालू. आकडा सुरक्षित राहतो, बोटाचं बघू.

स्वच्छतेचंही तेच. स्वच्छ सर्वेक्षणात पिंपरी-चिंचवड 2016 ला नववं आलं आणि 2017 ला थेट बहात्तरावं. एका वर्षात शहरात एवढा कचरा कुठून आला म्हणून लोक हबकले. आला नव्हता. आधी 73 शहरं परीक्षेला बसली होती, नंतर 434 बसली. पुढे 2024 च्या सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांत देशात सातवं आणि राज्यात पहिलं. फटाके वाजले. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगत होता, पण नदीची हद्द आणि गुणपत्रिकेची हद्द वेगवेगळी असावी.

आता आकड्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांकडेही बघू, नाहीतर त्यांना वाटेल आपण जिंकलो. "कसला विकास न् कसलं काय! आमच्या वेळचं गाव राहिलं नाही," असं फॉर्च्युनरची काच खाली करून सांगणारे गुंठामंत्री आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. ज्या आकड्याने गुंठ्याला कोटींचा भाव दिला तो पावन, बाकी सगळे आकडे खोटे. आणि उबग आलेले सुशिक्षित म्हणतात, "डेटावर विश्वासच नाही, जे दिसतं ते खरं." त्यांना दिसतं आपल्या बाल्कनीतून. मोशीच्या चाळीत दहा जणांत एक मोरी आहे, ती बाल्कनीतून दिसत नाही. ती दिसायची तर कुणाला तरी जाऊन मोजावीच लागते.

मोजण्याची रीत आपल्याला शिकवायला कुणी परदेशातून यायला नको होतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगिळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करवली. तिचे दोन भाग 1945 आणि 1952 मध्ये आले. संस्थेची माणसं घराघरांत जाऊन विचारत होती: कमावतं कोण, किती, खोल्या किती, भाडं किती. घेणाऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून मोजलेलं ते काम होतं. तसा आकडा उद्घाटनाला कामाचा नसतो, कारण तो नेहमी जाहिरातीपेक्षा लहान निघतो.

भांडण आकडे विरुद्ध अनुभव असं नाहीच. भांडण देणाऱ्याचा आकडा विरुद्ध घेणाऱ्याचा आकडा असं आहे. सोडलेलं पाणी मोजायचं की पोचलेलं? सही झालेली गुंतवणूक की तीन वर्षांनी हजेरीपटावर उरलेली माणसं? रुंद केलेला रस्ता की चौकातून गेटापर्यंत लागलेली मिनिटं? 2025 च्या सुरुवातीला कुदळवाडीत चार हजारांहून जास्त बांधकामं पाडली, मोकळे झालेले शेकडो एकर लगेच जाहीर झाले. त्या पत्र्यांच्या शेडमध्ये राबणारे किती हात कुठे गेले, तो आकडा अजून कुणी मागितलेलाही नाही.

1 मार्च 2027 हा नव्या जनगणनेचा संदर्भदिन ठरला आहे. त्यानंतर आपण किती आहोत एवढं तरी कळेल. 128 नगरसेवकांचे प्रभागही 2011 च्या डोक्यांवर बेतलेले आहेत, त्या नगरसेवकांनाही आपल्या प्रभागात नेमकी किती माणसं आहेत, हे पाहून धक्का बसेल. तोवर कुणी साहेब प्रगतीचा आकडा घेऊन माइकपुढे उभे राहिले, तर आकडा खोडायला जाऊ नये. एवढंच विचारावं: "साहेब, हे मोजलं कुठे उभं राहून?" उत्तर 'दावोसमध्ये' असं आलं तर टाळ्या वाजवाव्यात आणि बायोडेटाच्या आणखी दहा झेरॉक्स काढून ठेवाव्यात.