एका सिलिंडरचं सिंक

मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजने माझ्या बिलात 'थ्रॉटल बॉडी सिंक' अशी ओळ घातली. गाडी साधी १५० सीसीची. सिलिंडर एक, थ्रॉटल बॉडीही एकच. जुळवलं कोणाशी, असं विचारलं तर मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "साहेब, इंजिनाशी."

सिंक हे थोतांड नाही बरं का. इंटरसेप्टर ६५० सारख्या जोडसिलिंडर गाडीला दोन थ्रॉटल बॉडी असतात. दोन्हींना व्हॅक्यूम गेजच्या नळ्या लावायच्या, इंजिन गरम करून आयडलवर ठेवायचं आणि स्क्रू केसभर फिरवत काटे जुळवायचे. त्याआधी टॅपेट बघायचे, नाहीतर काटे जुळूनही कुरकुर तशीच. आयडल डगमगत असेल, हँडल झिणझिणत असेल तर पैसे वसूल. काटे आधीच जुळलेले असले तर? मेकॅनिक ते बघतो, चहा मागवतो, बिल तेवढंच करतो.

गंगापूर रोडवरचे आमचे एक हौशी मित्र मात्र दर सर्व्हिसला सिंक करून घेतात. "गाडी लोणी झालीय लोणी!" परवा त्यांच्या पुढच्या टायरची हवा मोजली. १८ पीएसआय.