वकीलसाहेब

आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांनी कायद्याचं पुस्तक अजून उघडलेलं नाही. पुढेही उघडतील असं लक्षण नाही. वय एकवीस, केस कपाळावर, पाठीला कायम एक बॅग आणि बॅगेत कायम चार्जर. नागपूरच्या एका कॉलेजात ते जाहिरातीचं शिक्षण घेतात. तरी अख्ख्या गोरेगावात त्यांना वकीलसाहेब म्हणतात, आणि ह्याला कारण एक टिंब.

बारावी झाल्यावर पोरानं वडिलांना सांगितलं, "बाबा, मी नागपूरला ॲड करतो." आषाढ चालू होता. वडील बांधीत गुडघाभर चिखलात उभे राहून धानाचे पऱ्हे काढत होते. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली आणि पावसाकडे बघून हात जोडले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की ह्यांचा पोट्टा वकील होऊन राहिला. पोळ्याला मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला. गॉगल घातलेला फोटो, खाली अठरा शुभेच्छुकांची तोंडं, आणि नावाच्या आधी ठसठशीत 'ॲड.'. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. ॲड आणि ॲड. ह्यांत फरक फक्त एका टिंबाचा, पण त्या टिंबानं घराण्याची इज्जत वाढली. ते पुसायला कोण जाणार?

पोरानं प्रयत्न केला नाही असं नाही. पानठेल्यावर एकदा त्यानं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, की मी वकील नाही, मी जाहिराती शिकतो.

"म्हंजे काय करतं?"

"लोकांना ज्याची गरज वाटत नाही, ते हवंसं वाटायला लावतो."

"म्हंजे नसलेलं पटवून देतं. मंग वकीलच झाला ना गा!"

त्यानंतर धुऱ्याचे वाद त्याच्याकडे यायला लागले. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्याकडे भावाभावांत बोलणं बंद होतं ते बहुधा ह्या धुऱ्यापायी. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा असं सगळं पिशवीत घालून एक म्हातारा एका सकाळी त्याच्या ओट्यावर येऊन बसला. आता ह्या पोराला पाठ असलेला कायदा एकच, चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना चाप लावणारा १९५४ चा कायदा, कारण तो परीक्षेला असतो. त्यानं कागद मन लावून पाहिले आणि विचारलं, "आजोबा, तुमच्या भावानं ह्याची कुठं जाहिरात दिली होती का?" म्हातारा म्हणाला, "नाही बापा, गुपचूपच कोरला." "मग मला काही करता येणार नाही," वकीलसाहेब म्हणाले. म्हाताऱ्याला हे फार पटलं. इतक्या लवकर नाही म्हणणारा आणि पैसे न घेणारा वकील त्यानं पहिल्यांदा पाहिला होता.

नागपुरात मात्र प्रश्न टिंबाचा नव्हता, गावाच्या नावाचा होता. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं गाव सांगितलं. ह्यानं सांगितलं, गोरेगाव. वर्गात एकदम कुजबुज झाली, कारण गोरेगाव म्हटलं की जगाला मुंबईचं आठवतं, १९७७ पासून तिथे चित्रनगरी आहे, आणि जाहिरातींची निम्मी स्वप्नं तिथेच शूट होतात. कुणीतरी डोळे विस्फारून विचारलं, "ईस्ट की वेस्ट?" हा म्हणाला, "ईस्ट." खोटं तो बोलला नाही. आमचं गोरेगाव ईस्टच आहे, इतकं ईस्ट की महाराष्ट्र पुढे फार उरत नाही आणि छत्तीसगड लागतं. एक सेमिस्टर त्यानं असं निभावलं. मग दिवाळीच्या सुट्टीत वर्गातली चारजणं विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला निघाली आणि म्हणाली, चल, तुझ्याच घरी उतरू.

घरात त्याचं वागणं उलटं. टीव्हीवर मालिका लागली, की तो उठून अंगणात जातो. जाहिराती लागल्या, की आई भात बघायला उठते, बाबा तंबाखू मळतात, आणि हा धावत आत येतो. मग टीव्हीसमोर एकटाच बसून "काय कट आहे! काय कट आहे!" म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरातली लाइट कट झाली.

त्याचं खरं प्रेम मात्र त्याच्या जन्माआधीच्या जाहिरातींवर. इतिहासाची पोरं पानिपत सांगतात तशी हा सर्फ आणि निरमाची लढाई सांगतो. अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सायकलवर पिवळी पावडर विकायला सुरुवात केली. ती इतकी स्वस्त, की बड्या कंपनीच्या सर्फला घाम फुटला. मग जाहिरातकार अलेक पदमसींनी ललिताजी उभी केली, जी भाजीवाल्याशी घासाघीस करते पण सर्फ मात्र महाग असूनही घेते, कारण स्वस्त वेगळं आणि चांगलं वेगळं. ह्या ललिताजींचं मूळ पदमसींच्या स्वतःच्या आईत होतं. इथे पोराचा गळा दाटतो. तो आईचा पदर डोक्यावर घेऊन ललिताजी करून दाखवतो, आणि जाहिरातीतल्या कविता चौधरी बऱ्या दिसत होत्या म्हणून आपण वाचलो असं आम्हा सगळ्यांना वाटतं. एकदा त्यानं आईला विचारलं, "तू काऊन नाही घेत सर्फ?"

आई म्हणाली, "ज्याचं उधार चालते, ते घेतो."

वहीत त्यानं हे लिहून घेतलं. वहीवर इंग्रजीत 'इनसाइट्स' लिहिलेलं आहे. मला ती किराण्याची वही वाटली होती.

कॅडबरीची ती १९९४ ची, फलंदाजानं षटकार मारल्यावर मैदानात नाचत शिरणारी मुलगी, हे तर त्याचं दैवतच. मोबाइलवर ती तो मला दर सुट्टीत दाखवतो आणि दर वेळी डोळे पुसतो. आमच्या वेळी पोरं चॉकलेटसाठी रडत. मी म्हटलं, "चॉकलेट आणलंस का?" तो म्हणाला, "सर, तो पॉइंटच नाही आहे." मला वाटतं, कॅडबरीवाल्यांनी हे ऐकलं तर त्यांनाही रडू येईल.

एकदा मात्र त्यानं मला पार आडवं केलं. माझ्या टेबलावर कोलटकरांची 'जेजुरी' होती. ती पाहून तो उडालाच. "सर, तुम्हाला अरुण कोलटकर माहीत आहेत? केवढा आर्ट डायरेक्टर माणूस! ॲवॉर्डांवर ॲवॉर्ड्स!" मग पुस्तक चाळून, आवाज जरा खाली आणून त्यानं विचारलं, "हे कविता पण लिहायचे काय?" मी काही बोललो नाही. राहून राहून वाटतं, कोलटकरांना हा प्रश्न फार आवडला असता.

पण शिकलेलं पोटात ठेवेल तर तो वकीलसाहेब कसला. त्याच्या मामाचं कृषी केंद्र आहे, तहसीलच्या रस्त्याला. खरिपाआधी मामानं फ्लेक्सचं काम भाच्याला दिलं. भाच्याच्या डोक्यात तेव्हा फोक्सवॅगन होती. १९५९ मध्ये अमेरिकेत ह्या गाडीची जाहिरात निघाली, तिच्यात पानभर कोरी जागा आणि कोपऱ्यात टिकलीएवढी गाडी. मोठ्या गाड्यांच्या देशात लहानपण मिरवणारी ही जाहिरात जगभर शिकवतात. शिकवावी अशीच आहे, पण ज्याला शिकवतात त्याला मामा असतो हे मास्तरांच्या लक्षात राहत नाही. दहा बाय सहाचा फ्लेक्स आला. पांढराशुभ्र. उजव्या कोपऱ्यात खाली धानाचा एक दाणा, खऱ्या दाण्याएवढा, आणि त्याच्याखाली त्याहून बारीक अक्षरात एक शब्द: 'इथूनच.'

छापणाऱ्यानं दोनदा फोन करून विचारलं होतं, फाइल पूर्ण डाउनलोड झाली नाही काय म्हणून.

मामा बराच वेळ समोर उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे कोरं हाय त्याचे पैसे बी लागले काय?"

"स्क्वेअर फुटाचा रेट असते ना मामा. व्हाइट स्पेस बोलते."

"काय बोलते?"

भाचा सांगू लागला, पण मामाचं लक्ष दुसरीकडे होतं. दुकानाचं नाव नव्हतं. युरियाचा उल्लेख नव्हता. गणपती नव्हता. मामींचा फोटो नव्हता, आणि ह्या शेवटच्या गोष्टीचा जाब मामांना घरी द्यायचा होता. आठवडाभर तो फ्लेक्स तसाच होता. त्या आठवड्यात तिघांनी मामांना विचारलं, दुकान विकलं काय. नंतर अवकाळी पाऊस आला आणि मामांनी तो उतरवून बाहेरच्या पोत्यांवर घातला. एक पोतं भिजलं नाही. भाच्याला वाईट वाटलं. पण दहा बाय सहाची जाहिरात मालाच्या इतक्या थेट उपयोगी पडल्याचं उदाहरण त्याच्या पुस्तकातसुद्धा नसेल.

सुताराकडचा किस्सा त्याच सुट्टीतला. फेविकॉलच्या जाहिरातींवर प्रोजेक्ट होतं, म्हणून हा गावातल्या सुताराकडे प्रश्नावली घेऊन गेला. आपण कोणती जाहिरात पाहून हे उत्पादन निवडलं? सुतार रंधा न थांबवता म्हणाला, "म्या जाहिरात नाही पायली. हत्ती पायतो." डब्यावर दोन हत्ती एक गोळा दोन बाजूंनी ओढताहेत, तो सुटत नाही; हे चित्र असलेला डबा तो उचलतो, बस. आमच्याकडे अक्षराआधी चित्र वाचायची सवय जुनी आहे. विड्यांच्या कट्ट्यावरचा छाप बघून माणसं विडी मागत, मत देताना चिन्ह बघत. लोकांनी नाव वाचलं तर उमेदवार पडेल, असं आमचे एक जुने मुख्याध्यापक म्हणत. पोरानं वहीत लिहिलं: 'हत्ती.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

गेल्या वर्षी, २०२५ ला, तो दिवाळीला आला होता. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, हा सकाळपासून न जेवता ओट्यावर बसून.

आईनं विचारलं, "काय झालं?"

"पियूष पांडे गेले."

"कुठले पांडे? गोंदियाचे?"

"नाही माय. मुंबईचे. फेविकॉलच्या जाहिरातींवाले."

आईनं त्याच्याकडे पाहिलं, आत जाऊन पाणी तापत ठेवलं आणि सांगितलं, "मंग आंघोळ करून घे."

माझ्याकडे तो आला तो श्रद्धांजलीचा मजकूर तपासून घ्यायला. गावातले अर्धे फ्लेक्स मी तपासतो; 'भावपुर्ण' आणि 'श्रध्दांजली' ह्यांच्याशी माझं आयुष्यभराचं वैर आहे. त्याच्या कागदावर मात्र दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. पांड्यांचं नाव आणि खाली दोन शब्द: 'जोड तुटला.' मी कागद परत दिला. बरं लिहितो पोरगा, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला सांगितलं नाही.

फ्लेक्स चौकात लागला. त्या भरघोस मिशा पाहून लोकांनी ठरवलं, फौजेतला माणूस असावा. एकानं तर सुभेदार म्हणून सलामही केला. सुतार आला तेव्हा पोरानं त्याला मोबाइलवर ती बसची जाहिरात दाखवली. वाळवंटातून हेलकावे खात बस चाललीय, टपावर, शिडीवर, खिडक्यांना माणसं लगडलीत, पडत कुणीच नाही, आणि शेवटी बसच्या मागे दिसतं फेविकॉलचं नाव. सुतारानं ती दोनदा पाहिली. म्हणाला, "आपली कोहमाऱ्याची काळी-पिवळी बी अशीच भरते. तिले कोनतं फेविकॉल लावते?" मग घरी गेला, आणि दिवाळीला दाराला बांधलेलं झेंडूचं तोरण सोडून आणून त्यानं पांड्यांच्या फोटोला घातलं.

त्याच आठवड्यात मंडई होती. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक. दहाला पडदा वर जातो तो उजाडायला खाली येतो. ह्या नाटकाची जाहिरात म्हणजे जीप, जीपवर भोंगा, आणि भोंग्यामागे एक घसा. त्या वर्षी नेमका तो घसा बसला. मंडळाची माणसं थेट वकीलसाहेबांकडे. "तुमचं कामच हाय बोलायचं."

पोरगा रात्रभर लिहीत होता. सकाळी मला जीपमध्ये घेतलं, शुद्धलेखनासाठी. भोंग्यावरून बोलताना ऱ्हस्व-दीर्घ ऐकू जात नाही हे मी त्याला सांगितलं, तरी. त्याची योजना अशी, की सुरुवातीला दहा सेकंद शांतता. लोक गोंगाटाला विटलेत. शांततेनं कान टवकारतात. पहिल्या वळणावर त्यानं माइक चालू केला आणि गप्प बसला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, उतरला आणि ॲम्प्लिफायरला दोन थापडा मारल्या. दुसऱ्या वळणावरही तेच. तिसऱ्यावर मी ड्रायव्हरचा हात धरला.

दहा सेकंद गेले. मग भोंग्यातून हळू आवाज आला. एक आई आहे. तिचं एक दार आहे. त्या दारावर एका रात्री कोणी थाप मारणार आहे, आणि ती उघडणार नाही. एवढंच बोलून पुन्हा गप्प.

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. बाया हातातलं सूप तसंच धरून दारात आल्या. कोंबड्यामागे धावणारी पोरं थांबली. आम्ही गल्लीतून चौकात आलो तेव्हा जीपमागे पन्नासेक माणसं होती, आणि कुणी हसत नव्हतं. पोरानं तेच पुन्हा म्हटलं, आणखी हळू. आई का उघडत नाही, कोण आलंय, काही सांगितलं नाही. पुढचा कागद उलटून ठेवला, डोळे मिटले.

चौकात सारं चिडीचूप. पानठेल्याच्या बाकावर तोच धुऱ्याचा म्हातारा बसला होता. त्यानं तोंडातला खर्रा बाजूला थुंकला, उठला आणि हात वर करून ओरडला,

"वकीलसायेब, सारं चांगलं झालं गा, पन तारीख तं द्या!"