भेंडीला हेल्मेट

शिरोली एमआयडीसीत शेडागणिक एक अण्णा असतोच. फौंड्रीत हयात घालवून सुपरवायझर झालेला आणि भट्टीवर ओरडून ओरडून आवाज कायमचा वर चढलेला. अण्णांनी जेवताना मीठ मागितलं तर शेजारची बाई वाटी घेऊन येते.

सेफ्टीच्या बाबतीत हा माणूस कर्दनकाळ. चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस साच्यात पडत असताना कुणाच्या हातात मोजे नसले, की अख्ख्या शिफ्टसमोर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. फेटलिंगच्या पोराचा गॉगल वर सरकलेला दिसला, की, "डोळं कपाळाला हाईत व्हय रं तुझं?"

हाच माणूस सुट्टीच्या दिवशी कंपाऊंडच्या कडेच्या बागेत उतरतो तो अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर आणि उघड्या हातांनी. तिथं त्यानं जास्वंद लावली आहे, शेवंती लावली आहे, भेंडीचे दोन वाफे केले आहेत. आणि न लावता आलेलं गाजर गवत आहे. एका नव्या ट्रेनी पोरानं एकदा भीत भीत हातमोज्यांची जोडी पुढं केली. अण्णा पोट धरून हसले. "गवताला मोजं? उद्या भेंडीला हेल्मेट घालशील!"

या गवतालाही मोठा इतिहास आहे. 1955च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आलं, असं सांगतात. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं. सरकारं बदलली, गवत तेवढं निवडून येत राहिलं. एकेका झाडाला हजारांनी बी धरतं आणि ते गाड्यांच्या चाकांना चिकटूनही फिरतं, मग पुणे-बेंगळुरू हायवेला लागून वसलेल्या शिरोलीत ते न पोचलं तरच नवल. 1984 साली बेंगळुरूत मेक्सिकोचे भुंगे त्याच्यावर सोडले होते. पावसाळ्यात ते त्याची पानं फस्त करतात. ट्रेनी पोरानं हीही माहिती पुरवली. "काँट्रॅक्टवर भुंगं आणायचं? माझं हात काय गहाण पडल्यात?"

तर अण्णांनी रविवारी दोन पाट्या गवत उपटलं. मंगळवारी पापण्या सुजल्या, मान लाल झाली, कोपराच्या आतल्या घडीत आग आग.

आता यातली गंमत अशी, की ही अ‍ॅलर्जी तिथल्या तिथं खाजवत नाही. दीड-दोन दिवसांनी उठते. तोवर सोमवार येऊन गेलेला असतो, आणि सोमवारी रात्री साडूच्या घरी तांबडा-पांढरा झालेला असतो. अंगावर पित्त उठलंय, हे निदान अण्णांनी स्वतःच केलं. आमसुलाचं पाणी सुरू झालं. तांबडा रस्सा बंद झाला, ज्याची बातमी कोल्हापुरात मयतासारखी पसरते. मग वांगं बंद. मग सुकट. मग काकूंनी धुण्याची पावडर बदलली म्हणून काकूंना बोल. दर रविवारी बाग, दर मंगळवारी नवा आरोपी.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पापण्या बघितल्या आणि विचारलं, "गवत उपटता का?"

"चाळीस वर्षं उपटतोय. कधी काय झालं नाही."

"म्हणूनच आत्ता झालं," बाई म्हणाल्या. शरीर वर्षानुवर्षं सोसतं, नोंद ठेवतं आणि एक दिवस हिशेब मागतं. पुढं मग यादी. फुलोऱ्याच्या आधी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटायचं. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे. काम झाल्याबरोबर साबणानं हात-तोंड धुवायचं, कपडे वेगळे भिजवायचे. वाळलेलं गवतही तितकंच वाईट, त्याची धूळ अंगावर घ्यायची नाही. उन्हानं पुरळ वाढतं. आणि शेवंतीलाही हात लावताना जपून, ती याच कुळातली.

शेवटचं ऐकून अण्णांचा चेहरा पडला. शेवंती ते गणपतीसाठी राखतात.

पण एकदा सेफ्टी म्हटली, की अण्णा ती अर्धवट करत नाहीत. पुढच्या रविवारी ते भट्टीवरचे जाड मोजे घालून बागेत उतरले. या मोज्यांनी गवताचा रस पोटभर प्यायला. घाम आला, की अण्णा त्याच मोज्यानं मान पुसत. काम झालं, की मोजे खुंटीला, न धुता, पुढच्या रविवारसाठी. मंगळवारी मान पहिल्यापेक्षा लाल. "बघ, म्हणलं नव्हतं? मोज्याचाच तोटा!"

ट्रेनी पोरानं कपाळावर हात मारला आणि दुकानातून रबरी मोजे आणून दिले. गेल्या रविवारी अण्णा ते घालून, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला पंचा, अशा थाटात बांधावर बसले होते. फुलं धरायच्या आतलं गवत, ओली माती, सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणं. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. अण्णांनी तोंडावरचा पंचा खाली ओढला, उजव्या हाताचा मोजा दातात धरून ओढून काढला आणि तो तसाच दातात ठेवून सबंध पंचगंगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "हां, बोला!"

मंगळवारी ओठ सुजले. अण्णांनी तंबाखूची पुडी बदलली आहे.